‘चालून नाही राहिलं’ याच्या पुढे: ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरणारे आणि बनवणारे यांचं बोलणं कसं जमवावं

नागपुरात ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघायला, वापरायला आणि बदलायला खुला असतो असं सॉफ्टवेअर, वापरणारी माणसं भरपूर आहेत. आपण ओपन सोर्स वापरतो हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकही नसतं. ग्रंथपाल कोहावर पुस्तकं देतात-घेतात, प्राध्यापक मूडलवर असाइनमेंट मागवतात, लिब्रेऑफिसमध्ये अर्ज टाइप होतात, व्हीएलसी तर घरोघरी आहे. व्हीएनआयटीच्या आवारात राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र आणि अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था असलेल्या या शहरात नकाशाचं काम शिकणारी मुलंही पुष्कळ, आणि त्यांच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस असतंच. कोड लिहिणारेही इथेच आहेत, कॉलेजांत आहेत आणि आयटी पार्कात आहेत. तरी या दोघांचं एकमेकांशी बोलणं जवळपास होतच नाही. काही अडलं की ओळखीच्या पोराला फोन जातो: "भाऊ, सॉफ्टवेअर चालूनच नाही राहिलं." पोरगा येतो, खटपट करून चालू करून देतो, चहा पिऊन जातो. जिथे खरी चूक आहे तिथपर्यंत काहीच पोचत नाही. पुढच्या अपडेटला तीच अडचण आणि तोच फोन.

यात कोणाचीच नियत खोटी नसते. दोघांना एकमेकांची बाजू दिसत नाही, इतकंच. डेव्हलपरला काउंटरपुढची रांग दिसत नाही, दहा वर्षं जुना संगणक दिसत नाही, मे महिन्यात भरदुपारी जाणारी वीज दिसत नाही. वापरणाऱ्याला हे दिसत नाही की पलीकडे कदाचित एकच माणूस आहे, तो नोकरी सांभाळून रात्री हे काम करतोय आणि त्याच्यापुढे अशा तक्रारींचा ढीग पडलाय. म्हणून माझं सांगणं एवढंच: निरोप लिहिताना समोरच्याला जे दिसत नाही ते त्यात घाला. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात. आधी वापरणाऱ्यांसाठी लिहितो, मग बनवणाऱ्यांसाठी, आणि शेवटी दोघंही एकाच शहरात असल्याचा फायदा कसा घ्यायचा ते.

पलीकडे कोण आहे ते आधी बघा

ओपन सोर्स सॉफ्टवेअर ज्या अटींवर मिळतं ते परवाने, मग तो जीपीएल नावाचा असो की एमआयटी नावाचा, एक गोष्ट स्पष्ट सांगतात: सॉफ्टवेअर ‘आहे तसं’ दिलंय, त्याची कुठलीही हमी नाही. पैसे देऊन करार केला नसेल तर आपण कोणाचे ग्राहक नसतो. याचा अर्थ निमूट सोसायचं असा मात्र नाही. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाने १९९७ साली आपल्या सामाजिक करारातच लिहून टाकलं की अडचणी लपवल्या जाणार नाहीत, आणि त्यांची बगांची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची, नोंदवही सगळ्यांना खुली ठेवली. तक्रार ऐकण्याची तयारी असतेच. ती ऐकणाऱ्याची ताकद किती हे बघणं आपलं काम.

लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना मोठमोठ्या कंपन्या पगार देतात. उलट जगभरच्या सर्व्हरांवर चालणारी एखादी छोटी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात असा तयार कोड) एकाच माणसाच्या रिकाम्या वेळेवर उभी असते. एक्सझेड नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं असंच होतं. २०२२ मध्ये त्याच्या मेंटेनरवर, म्हणजे ते सांभाळणाऱ्यावर, काही नावांनी सतत दबाव आणला गेला: काम मंद आहे, दुसऱ्याकडे सोपवा. मनाची तब्येत बरी नाही, हे काम बिनपगारी आहे, असं त्याने उत्तरात लिहिलंही होतं. मदतीला आलेल्या एका ‘उत्साही’ माणसाच्या हाती हळूहळू कारभार गेला, आणि ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत त्याने चोरदरवाजा, म्हणजे परक्याला गुपचूप आत शिरता येईल असा कोड, बसवला. तो सापडला कसा? मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर काम करणाऱ्या डेव्हलपरला दुसऱ्या मशीनवर लॉगइन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने त्याचा छडा लावला आणि जे दिसलं ते नीट मांडलं.

"कधी होणार, कधी होणार" असा धोशा लावल्याने माणूस खचतो. आणि अर्ध्या सेकंदाइतकी बारीक गोष्टसुद्धा नेमकी सांगितली तर जगाच्या कामी येते. तुमच्या काउंटरवर बसून तुम्हाला जे बारीकसारीक दिसतं, ते मोलाचं आहे.

सांगण्याआधी: व्हर्जन, पत्ता आणि एक फेरतपासणी

व्हर्जन शोधा. बहुतेक सॉफ्टवेअरांत ‘मदत’च्या यादीत ‘विषयी’ असतं. तिथला मजकूर जसाच्या तसा कॉपी करा. "लेटेस्ट आहे" असं लिहू नका, कारण तुमचं लेटेस्ट आणि त्यांचं लेटेस्ट वेगळं असू शकतं. उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमचं दीर्घ मुदतीचं व्हर्जन दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतं आणि त्यातले बहुतेक प्रोग्राम त्याच जुन्या पायरीवर ठेवून सांभाळले जातात. क्यूजीआयएसही एकाच वेळी दोन तऱ्हांनी मिळतं: जास्त काळ सांभाळलं जाणारं आणि अगदी ताजं. तुम्हाला भेडसावणारी चूक मूळ डेव्हलपरने सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त केलेली असू शकते, ती फक्त तुमच्यापर्यंत आलेली नसते.

मग पत्ता. सॉफ्टवेअर आलं कुठून? मूळ प्रकल्पाच्या साइटवरून घेतलं, उबुंटूसारख्या वितरणातून (अनेक सॉफ्टवेअरं एकत्र बांधून देणाऱ्या सिस्टीममधून) आलं, की एखाद्या व्हेंडरने बसवून दिलं? कॉलेजचं कोहा व्हेंडरच्या सर्व्हरवर असेल आणि सर्व्हरच बंद पडला असेल, तर मूळ डेव्हलपर काही करू शकत नाहीत. त्यांना लिहून दोघांचाही वेळ जातो.

तिसरं, एकदा साध्या अवस्थेत करून बघा. फायरफॉक्समध्ये ट्रबलशूट मोड आहे, लिब्रेऑफिसच्या मदत यादीत सेफ मोडने पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. तिथे अडचण गायब झाली तर दोष एखाद्या अ‍ॅड-ऑनचा किंवा तुमच्या सेटिंगचा. हे कळलं तरी निम्मं काम झालं.

आणि प्रकल्पाच्या नोंदवहीत आधी कोणी हेच नोंदवलंय का ते शोधा. एरर मेसेजमधले शब्द तसेच टाकून शोधलं की पटकन सापडतं. सापडलं तर नवी तक्रार उघडू नका. त्याच नोंदीत तुमचं वेगळेपण लिहा: दुसरं व्हर्जन, दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, दुसरी फाइल. नुसतं ‘मलाही’ लिहिल्याने पलीकडच्याच्या मेलबॉक्समध्ये एक मेल वाढतो, माहिती काही वाढत नाही.

बग रिपोर्ट असा लिहा

बग रिपोर्ट म्हणजे अडचणीची लेखी नोंद. इथे जरा थांबतो, कारण सगळं याच्यावरच अडतं. मराठी माणसाशिवाय दुसऱ्या कोणाला दिसणार नाही असंच उदाहरण घेऊ.

समजा, ग्रंथालयाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शीर्षकात असलेलं पुस्तक शोधलं. पुस्तक कपाटात आहे, नोंद केलेली आहे, पण शोधात येत नाही. आपल्याकडून बहुधा असा निरोप जातो:

"मराठी सर्च चालत नाही. कृपया लवकरात लवकर दुरुस्त करावे."

यातून कोणालाही काही करता येणार नाही. ‘मराठी सर्च’ म्हणजे एक शब्द की सगळेच शब्द? चालत नाही म्हणजे शून्य निकाल, की एरर? आता हे पाहा:

"शीर्षक: ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द एका कळफलकाने टाइप केला तर सापडतो, दुसऱ्याने टाइप केला तर सापडत नाही.
व्हर्जन: (‘विषयी’मधला मजकूर चिकटवलेला).
काय केलं: १. इनस्क्रिप्ट कळफलक लावून शीर्षकात ‘शेतकऱ्यांना’ असलेलं पुस्तक नोंदवलं. २. त्याच कळफलकाने तोच शब्द शोधला, पुस्तक सापडलं. ३. कळफलक बदलून तोच शब्द पुन्हा टाइप करून शोधला.
काय व्हायला हवं होतं: तिसऱ्या पायरीतही तेच पुस्तक दिसायला हवं.
काय झालं: शून्य निकाल. एरर नाही.
प्रत्येक वेळी होतं का: हो. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांनाही होतं. ‘पुस्तक’, ‘शेती’ या शब्दांना होत नाही.
परिणाम: वाचकाला पुस्तक नाही असं सांगितलं जातं.
दोन्ही प्रकारे टाइप केलेला शब्द मजकूर म्हणून खाली चिकटवला आहे."

जाणकार डेव्हलपरला यातून काय झालं असेल ते ताबडतोब कळतं. पडद्यावर अगदी एकसारखा दिसणारा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं, ज्याचा क्रमांक ०९३१ आहे, त्यानंतर हलन्त आणि ‘या’. इनस्क्रिप्टवर या ऱ ची स्वतंत्र कळ आहे. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि मग ‘या’ येतो. संगणकाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एका रूपात आणण्याची रीत) लावूनही ते एक होत नाहीत. डेव्हलपरला ते मुद्दाम जुळवून घ्यावे लागतात. न्यूझीलंडमध्ये किंवा जर्मनीत बसलेल्या माणसाला हे आपणहून सुचण्याचं काही कारण नाही. ‘शेतकऱ्यांना’ रोज टाइप करणाऱ्यालाच ते दिसणार.

या रिपोर्टात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. ‘काय व्हायला हवं होतं’ हे वेगळं लिहिलंय, कारण आपल्याला जे उघड वाटतं ते मराठी न येणाऱ्याला उघड नसतं. कुठल्या शब्दांना ‘होत नाही’ तेही दिलंय. चूक कुठे नाही हे कळलं की शोध अर्ध्यावर येतो. आणि शब्द मजकूर म्हणून दिलाय, फोटो म्हणून नाही. स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही ‘ऱ्या’ सारखेच दिसतील आणि मूळ मुद्दाच हरवेल. मोबाइलने काढलेला मॉनिटरचा तिरपा फोटो तर कृपा करून पाठवू नका.

एका रिपोर्टात एकच अडचण घाला. पाच एकत्र लिहिल्या तर चार दुरुस्त होऊनही नोंद उघडीच राहते, आणि पाचवी कोणती हे कोणालाच आठवत नाही.

भाषेची भीती बाळगू नका. परदेशी प्रकल्पाला साध्या, तुटक इंग्रजीत लिहा. मशीन भाषांतरही चालतं. फक्त एरर मेसेज आणि मेनूतली नावं पडद्यावर दिसतात तशीच ठेवा, त्यांचं भाषांतर करू नका, नाहीतर पलीकडच्याला ती शोधता येणार नाहीत.

स्क्रीनशॉट पाठवण्याआधी त्यात वाचकांची नावं, मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक दिसत नाहीत ना ते पाहा. ही नोंद सगळं जग वाचणार आहे. आणि अडचण सुरक्षेची असेल, म्हणजे पासवर्डशिवाय आत शिरता येतंय किंवा दुसऱ्याची माहिती दिसतेय, तर ती उघड नोंदवूच नका. बहुतेक प्रकल्प अशा गोष्टींसाठी खासगी पत्ता देतात. तिथेच लिहा, आणि दुरुस्ती येईपर्यंत कुठेही बोलू नका.

रिपोर्ट पाठवला, आता तुमचं काम सुरू झालं

बहुतेक रिपोर्ट मरतात ते इथे. डेव्हलपर चार दिवसांनी एक प्रश्न विचारतो, लिहिणारा तोवर विसरलेला असतो. उत्तर न मिळालेली नोंद काही महिन्यांनी बंद होते आणि आपण म्हणतो, हे लोक ऐकतच नाहीत. प्रश्नाचं उत्तर लगेच देता येत नसेल तर तसं लिहा: "परीक्षा चालू आहेत, पंधरा तारखेनंतर बघून सांगतो." एवढंही पुरतं.

दुरुस्ती तयार झाली की ती तपासायला मदत करा. यात कोहाची पद्धत मला फार आवडते. कोहा ग्रंथालयाच्या गरजेतूनच आलं: न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून त्यांनी नवी बनवून घेतली आणि ३ जानेवारी २००० रोजी ती सुरू झाली. आजही कोहात कोणी पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, लिहिला तर तो थेट आत जात नाही. लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी तो चालवून बघून ‘साइन ऑफ’ द्यावा लागतो, त्यानंतर गुणवत्ता तपासणारी मंडळी बघतात. आणि हा दुसरा माणूस प्रोग्रामर असण्याची गरज नाही. सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या जागेत, तो पॅच लावलेलं कोहा ब्राउझरमध्येच उघडतं. ग्रंथपाल रोज करतात तसं पुस्तक देऊन-घेऊन बघायचं आणि बरोबर चाललं की साइन ऑफ द्यायचा. म्हणजे नागपुरातल्या ग्रंथपालाच्या तपासणीवर जगभरच्या ग्रंथालयांत जाणारा कोड पुढे सरकू शकतो. माझ्या मते ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे प्रात्यक्षिक म्हणून असायला हवं.

आता डेव्हलपरांसाठी: दार कुठे आहे ते दिसू द्या

तुमचं सॉफ्टवेअर पन्नास माणसं वापरत असोत की पन्नास हजार, रीडमी फाइलच्या (कोडसोबतच्या ओळख करून देणाऱ्या फाइलच्या) सुरुवातीलाच चार गोष्टी लिहा: हे कोणासाठी आहे, अडचण कुठे सांगायची, प्रश्न कुठे विचारायचा, आणि उत्तराला साधारण किती वेळ लागतो. शेवटची गोष्ट जवळपास कोणीच लिहीत नाही, आणि वाद सगळ्यात जास्त तिच्यावरूनच होतात. "मी हे रविवारी बघतो" एवढं लिहिलंत तरी सोमवारी मेल पाठवणारा शनिवारी चिडणार नाही.

जागा एकच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एक, टेलिग्रामवर दुसरी, मेलवर तिसरी अशी चर्चा चालली की तीच तक्रार तीनदा येते आणि तोडगा चौथ्याच ठिकाणी सापडतो. आपल्याकडे लोक व्हॉट्सअ‍ॅपवरच येणार हे खरं आहे. येऊ द्या, पण तिथे आलेली अडचण तुम्ही स्वतः नोंदवहीत चढवा आणि तिचा दुवा परत ग्रुपवर टाका.

गिटहब आणि गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटांवर इश्यूसाठी, म्हणजे अडचणीच्या नोंदीसाठी, ठरावीक नमुना ठेवता येतो. तो छोटा ठेवा. काय केलं, काय हवं होतं, काय झालं, व्हर्जन कोणतं. वीस रकाने भरायला लावले तर ज्याला खरंच अडचण आहे तो कंटाळून निघून जातो. जी माहिती सॉफ्टवेअरला स्वतःलाच ठाऊक आहे ती माणसाला विचारू नका. लिब्रेऑफिसच्या ‘विषयी’ खिडकीत व्हर्जनची माहिती कॉपी करायचं बटण आहे, फायरफॉक्सच्या ट्रबलशूटिंगच्या पानावरही तशी सोय आहे. असं एक बटण देण्याइतका कोड लिहायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे टळणारी विचारपूस मात्र वर्षानुवर्षांची.

एरर मेसेज हेच तुमचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं लेखन

मदतीची पानं फार थोडे लोक वाचतात. एरर मेसेज सगळे वाचतात, तेही घाबरलेले असताना. "एरर १०३" किंवा "अनपेक्षित चूक झाली" यातून काहीच हाती लागत नाही. मेसेजमध्ये काय झालं, माझं काम सुरक्षित आहे का आणि आता काय करू, या तिन्हींची उत्तरं हवीत:

"फाइल जतन झाली नाही, कारण डिस्कवर जागा उरलेली नाही. तुम्ही लिहिलेला मजकूर अजून उघडाच आहे. दुसरी जागा निवडा किंवा थोडी जागा मोकळी करून पुन्हा जतन करा."

खाली बारीक अक्षरात तांत्रिक तपशील द्या, कॉपी करता येईल असा. मेसेजचं मराठी भाषांतर असेल तर मूळ इंग्रजी मजकूर किंवा एक कायमचा क्रमांकही सोबत दाखवा, म्हणजे जगभरच्या नोंदींत तो शोधता येतो. फायरफॉक्सचं भाषांतर पाँटून या साइटवर आणि लिब्रेऑफिसचं वेबलेट या साइटवर होतं; दोन्हीकडे ब्राउझरमधूनच सूचना देता येतात, कोड उघडावा लागत नाही.

पहिलं उत्तर

पहिल्या उत्तरात तोडगा नसला तरी चालेल. वाचल्याचं दिसलं पाहिजे. "माझ्याकडे तर चालतंय" हे उत्तर खरं असतं, पण ऐकणाऱ्याला ते "तुम्ही खोटं बोलताय" असं ऐकू येतं. त्याऐवजी असं लिहा:

"नमस्कार. इतक्या तपशिलात लिहिल्याबद्दल आभार. मी उबुंटूवर त्याच पायऱ्या केल्या, पण मला दोन्ही वेळा पुस्तक सापडलं. तुमच्याकडे विंडोज आहे, तेव्हा फरक तिथे असू शकतो. तुम्ही दुसरा कळफलक कोणता वापरला त्याचं नाव कळवाल का? पुढच्या रविवारी मी विंडोजवर बघतो."

एका वेळी एकच गोष्ट मागा. सहा गोष्टी मागितल्या की माणूस सोपी तेवढी देतो आणि उरलेल्या राहून जातात. "डॉक्युमेंटेशन वाचा" म्हणायचंच असेल तर नेमक्या परिच्छेदाचा दुवा द्या. आणि तोच प्रश्न वारंवार येत असेल तर दोष विचारणाऱ्यांचा नाही, डॉक्युमेंटेशन बदला.

जुन्या नोंदी आपोआप बंद करणारे बॉट, म्हणजे स्वयंचलित प्रोग्राम, मला पटत नाहीत. ज्याने तासभर बसून रिपोर्ट लिहिला त्याला यंत्राने "हालचाल नसल्याने बंद" असं सांगितलं की तो पुन्हा कधी लिहीत नाही. ढीग फार झाला असेल तर माणसाने माणसाला लिहावं: हे आम्ही करू शकणार नाही, कारण अमुक.

नाही म्हणणं, आणि बदल आधी सांगणं

नवीन सोय मागितली की आधी विचारा: तुम्हाला नेमकं काय काम करायचंय? "एक्सेलसारखं बटण द्या" या मागणीच्या मागे बहुधा "मला दर महिन्याला ही यादी प्राचार्यांना द्यावी लागते" असं काम असतं, आणि त्याला सोपा रस्ता आधीच असू शकतो. मागणी पूर्ण होणार नसेल तर लवकर आणि कारणासकट सांगा. लटकत ठेवलेल्या ‘बघू’पेक्षा ‘नाही’ परवडतं. वापरणारा दुसरी सोय तरी करतो. पण नाही म्हटलेली गोष्ट पुन्हा ऐकायची तयारी ठेवा. गिंप या चित्रं संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरच्या सुट्या सुट्या खिडक्यांबद्दल लोकांनी वर्षानुवर्षं कुरकुर केली. सगळं एकाच खिडकीत दाखवण्याची सोय शेवटी २०१२ मध्ये २.८ व्हर्जनमध्ये आली.

बदलाची सूचना देताना पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं जुनं व्हर्जन, पायथॉन २, आठवा. त्याचा शेवट आधी २०१५ मध्ये होणार होता. लोकांची तयारी नाही हे पाहून मुदत २०२० पर्यंत वाढवली, ती २०१४ मध्येच जाहीर केली, आणि १ जानेवारी २०२० रोजी पाळली. मुदत वाढवली तरी नवी तारीख पक्की आणि लवकर सांगितली, म्हणून लोकांना तयारी करता आली.

रिलीझ नोट्स, म्हणजे नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं याची टिपणं, वापरणाऱ्याच्या कामाच्या क्रमाने लिहा. "सर्च मॉड्यूल रिफॅक्टर केलं" (म्हणजे शोधाच्या कोडची मांडणी सुधारली) हे तुमच्या सहकाऱ्यांसाठी. ग्रंथपालांसाठी: "आता ‘ऱ्या’ असलेले शब्द कुठल्याही कळफलकाने टाइप केले तरी सापडतील. त्यासाठी अपडेटनंतर एकदा अनुक्रमणिका नव्याने बनवावी लागेल; संग्रह मोठा असेल तर हे काम रात्री लावा." आणि आपल्याकडचं वेळापत्रक लक्षात घ्या. जून-जुलैत प्रवेशाच्या गर्दीत किंवा परीक्षांच्या तोंडावर कोणत्याही कॉलेजात अपडेट करायला सांगू नका.

शेजारी जाऊन बसा

जे इंटरनेटवर महिनाभर कळत नाही ते तासभर शेजारी बसून कळतं, आणि ही सोय नागपुरात आपल्याला आहे. सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलामुलींनी जवळच्या ग्रंथालयात, शाळेच्या कार्यालयात, एखाद्या संस्थेत जावं. नियम थोडेच आहेत. माउसला हात लावायचा नाही. समजावून सांगायचं नाही. "रोजचं काम करा, आणि करताना मनात येतं ते बोला," एवढं सांगायचं. हात कुठे थबकतो, कोणतं बटण शोधावं लागतं, वहीत काय लिहून ठेवलंय ते टिपायचं. काउंटरवरची वही नक्की बघा: सॉफ्टवेअरमध्ये जे जमत नाही ते सगळं तिथे हाताने लिहिलेलं असतं. थबकले की एकच प्रश्न: "मॅडम, आता काय होईल असं वाटलं होतं?"

फोनवर ‘चालून नाही राहिलं’ ऐकलं की वैतागू नका. तिथून रिपोर्टापर्यंत जायला चार प्रश्न लागतात. काय करत होतात? पडद्यावर काय आलं, जसंच्या तसं वाचून दाखवता का? काल चालत होतं का? काल ते आज यांच्यात काय बदललं: अपडेट, नवा प्रिंटर, वीज जाऊन आली? बहुतेक वेळा खरं उत्तर चौथ्या प्रश्नाला येतं. "काही नाही बाप्पा, फक्त ते विंडोजनं रात्री काहीतरी घेतलं" हीच ती माहिती असते.

असा मधला माणूस प्रत्येक कॉलेजात एक तरी असावा, मुलगा असो की मुलगी. काउंटरवरची अडचण ऐकून ती नीट इंग्रजीत नोंदवायची, डेव्हलपरचा प्रश्न मराठीत परत न्यायचा, दुरुस्ती आली की काउंटरवर जाऊन करून दाखवायची आणि विचारायचं, "ताई, आता बरोबर आहे का?" विद्यार्थ्याला कोडची एक ओळही न लिहिता मोठ्या प्रकल्पात आपल्या नावाने काम दाखवता येतं. अनेक प्रकल्प नवख्यांसाठी सोप्या नोंदी वेगळ्या लेबलखाली ठेवतात. काउंटरवरची ओळख झाली की तिथून पुढे कोडकडे जाणंही सोपं होतं. महिन्यातून एकदा लॅबमध्ये ग्रंथपाल, कारकून आणि विद्यार्थी एकत्र बसले तरी पुरे. मे महिन्यात संध्याकाळी ठेवा.

महिने गेले, उत्तरच नाही

एक महिन्याने एकदा विचारा, पण रिकाम्या हाताने नाही: नवं व्हर्जन बसवून बघा आणि "अजूनही होतं" किंवा "आता होत नाही" असं लिहा. प्रकल्प जिवंत आहे का तेही पाहा. वर्षभरात एकही बदल झाला नसेल तर तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

संस्थेसाठी अडचण मोठी असेल तर पैसे खर्च करा. ओपन सोर्स म्हणजे फुकट काम करवून घेण्याचा हक्क नव्हे, पण कोणाकडूनही काम करवून घेण्याची मोकळीक मात्र आहे. कोड समोर असल्याने कुठलाही जाणकार डेव्हलपर ते हाती घेऊ शकतो. कॉलेज किंवा कार्यालय व्हेंडरशी देखभालीचा करार करतं तेव्हा त्यात एक अट घाला: आमच्यासाठी केलेली प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी, आणि तिच्या नोंदीचा दुवा बिलासोबत द्यावा. नाहीतर दुरुस्ती आपल्याच सर्व्हरवर राहते, पुढच्या अपडेटला पुसली जाते आणि त्याच कामाचं दुसरं बिल येतं.